नाव एआय सुचवेल, शिल्लक आहे का ते वही सांगेल

आजचा विषय आहे डोमेन नाव, म्हणजे धंद्याच्या वेबसाइटचा पत्ता. हल्ली नवा धंदा सुरू करणारा माणूस आधी एआय चॅटबॉट उघडतो आणि लिहितो, "माझा अमुक व्यवसाय आहे, डॉट कॉममध्ये शिल्लक असलेली वीस चांगली नावं सांग." दहा सेकंदांत वीस नावं हजर. मग तो ती नावं घ्यायला जातो आणि कळतं, यातली बरीचशी आधीच गेलेली आहेत.

असं का होतं? याचं उत्तर एआयपेक्षा जुनं आहे. त्यासाठी थेट १९७० च्या दशकात जाऊ या.

एक यादी, एक ऑफिस

इंटरनेटच्या आधी अर्पानेट होतं. अमेरिकेतली विद्यापीठं, संशोधन संस्था आणि लष्करी ऑफिसं यांची कॉम्प्युटर जोडणारं जाळं. प्रत्येक कॉम्प्युटरला एक आकडी पत्ता असायचा. पण माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून सोबत एक नावही. कुठलं नाव कुठल्या आकड्याचं, याची एकच फाइल होती, होस्ट्स डॉट टीएक्सटी. ती कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची. तिथल्या नेटवर्क इन्फर्मेशन सेंटरच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर.

तुम्हाला नवं नाव हवं असेल तर या ऑफिसला कळवायचं. तिथली माणसं यादी बघणार, ते नाव कुणी घेतलेलं नाही ना याची खात्री करणार, आणि मग फाइलमध्ये एक ओळ वाढणार. बाकी सगळ्यांनी ती फाइल अधूनमधून उतरवून घ्यायची.

आज आपण "ॲव्हेलेबल आहे का" म्हणतो तो प्रश्न तेव्हाही हाच होता, आणि त्याचं उत्तर यादी बघून मिळायचं. नाव कितीही सुंदर असो, यादीत दुसऱ्याच्या नावावर असेल तर विषय संपला. हा मुद्दा धरून ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहे.

जाळं वाढलं तशी ही पद्धत कोलमडायला लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, मांडली. कल्पना आपल्याला लगेच कळेल अशी आहे. सगळ्या देशाचे सातबारे एका टेबलावर ठेवायचे नाहीत. वरच्या ऑफिसने फक्त एवढंच सांगायचं, की अमुक गावाचं दप्तर अमुक तलाठ्याकडे आहे. डॉट कॉमचं दप्तर एकाकडे, डॉट ईडीयूचं दुसऱ्याकडे, आणि प्रत्येकाने आपापली वही सांभाळायची.

पहिलं डॉट कॉम कुणाचं?

१५ मार्च १९८५ ला पहिलं डॉट कॉम नाव नोंदलं गेलं, सिम्बॉलिक्स डॉट कॉम. आता गंमत बघा. ही कंपनी एमआयटीच्या एआय प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या लोकांनी काढली होती. लिस्प या भाषेसाठी खास बनवलेले कॉम्प्युटर ती विकायची, आणि एआय संशोधक हे तिचं मोठं गिऱ्हाईक होतं. म्हणजे जगातलं पहिलं डॉट कॉम एआयच्याच धंद्यातलं. त्या अख्ख्या वर्षात डॉट कॉममध्ये नावं नोंदली गेली फक्त सहा. नाव शोधायची कटकटच नव्हती, सगळंच रान मोकळं. पुढे एआयची ती लाट ओसरली, कंपनी बुडाली, पण नाव टिकलं. २००९ मध्ये ते दुसऱ्याला विकलं गेलं.

डोमेन घ्यायला तेव्हा पैसेही पडत नव्हते. १९९३ पासून नोंदणीचं काम नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीकडे होतं आणि खर्च अमेरिकी सरकारची नॅशनल सायन्स फाउंडेशन उचलायची. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांना १०० डॉलर असा दर लागू झाला.

त्या फुकटच्या काळातली एक गोष्ट सांगतो. १९९४ मध्ये जोशुआ क्विटनर या पत्रकाराने बघितलं, की मॅकडॉनल्ड्स डॉट कॉम कुणीच घेतलेलं नाही. त्याने कंपनीला विचारून पाहिलं, तिथे कुणाला याचं महत्त्वच कळेना. मग त्याने ते स्वतःच्या नावावर नोंदवलं आणि 'वायर्ड' मासिकात त्यावर लेख लिहिला. शेवटी ब्रुकलिनमधल्या एका शाळेच्या इंटरनेटसाठी कंपनीने ३,५०० डॉलर दिले आणि नाव परत मिळवलं. पाचच वर्षांनी, १९९९ मध्ये, बिझनेस डॉट कॉम ७५ लाख डॉलरला विकलं गेलं. एवढ्या कमी काळात लोकांना कळून चुकलं होतं, की ही जमीन आहे आणि ती संपणार आहे.

मुंबईतला 'ए' आणि 'ई'

आपल्याकडेही हे लगेच पोचलं. १९९९ मध्येच मुंबई उच्च न्यायालयात रेडिफचा खटला आला. समोरच्याने नोंदवलं होतं रॅडिफ डॉट कॉम. रोमन लिपीत 'आर'नंतर 'ई'च्या जागी 'ए', एवढाच फरक. म्हणजे ते नाव वहीत शिल्लक होतं, नोंदणीही रीतसर झाली होती. पण न्यायालयाने ते वापरायला मनाई केली. डोमेन हा नुसता तांत्रिक पत्ता नाही, त्याला धंद्याच्या नावासारखंच संरक्षण मिळायला हवं, हे त्यातलं सूत्र. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तीच दिशा पक्की केली.

म्हणजे "शिल्लक आहे" आणि "तुम्ही वापरू शकता" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजही कुठल्याही एआयने सुचवलेल्या नावाला हे लागू आहे.

नावं संपत गेली

थोडं गणित करू. रोमन लिपीतली २६ अक्षरं घेतली तर तीन अक्षरी नावं होतात १७,५७६ आणि चार अक्षरी ४,५६,९७६. डॉट कॉममधली ही दोन्ही गाठोडी केव्हाच रिकामी झाली. आज एकट्या डॉट कॉममध्ये १५ कोटींहून जास्त नावं नोंदलेली आहेत. इंग्रजी शब्दकोशातला साधा शब्द आता मिळतो तो विकतच, तेही कुणा आधीच्या मालकाकडून.

मग लोकांनी शब्द मोडायला सुरुवात केली. फ्लिकरने २००४ मध्ये शेवटच्या 'आर'च्या आधीचा 'ई' गाळला. ट्विटर २००६ मध्ये स्वर गाळूनच सुरू झालं आणि पूर्ण स्पेलिंगचं डोमेन नंतर विकत घेतलं. त्याच काळात नाव सुचवणारी साधी सॉफ्टवेअरं आली. एक शब्द द्या, ती पुढे 'माय' किंवा 'ई' लावणार, मागे 'ऑनलाइन' किंवा 'हब' जोडणार. बुद्धी काहीच नव्हती, पण त्यातली चांगली सॉफ्टवेअरं प्रत्येक नाव वहीत तपासून मगच दाखवायची.

याच काळात लबाडीही शिगेला पोचली. डोमेन घेतल्यावर पाच दिवसांत परत केलं तर पैसे परत मिळायचे. त्याचा फायदा घेऊन काही कंपन्या रोज ढिगाने नावं घ्यायच्या, जाहिराती लावून कमाई होते का बघायच्या आणि उरलेली परत करायच्या. आयकॅन या नियामक संस्थेने परतीवर शुल्क लावल्यावर २००८ ते २००९ या काळात हा प्रकार ९९ टक्क्यांहून जास्त घटला. २००८ च्या सुरुवातीला आणखी एक प्रकरण गाजलं. नेटवर्क सोल्युशन्सच्या साइटवर तुम्ही एखादं नाव नुसतं शोधलं, तरी ते चार दिवस त्यांच्याकडेच अडकायचं. दुसरीकडून घेता येत नसे. त्यावर बराच गदारोळ झाला. नाव सुचलं की कुठल्याही अनोळखी साइटवर टाकून बघू नका, असा सल्ला जुनी मंडळी देतात तो या अनुभवातून आलेला आहे.

आता एआय

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चॅटबॉटच्या आत असतं भाषेचं मॉडेल. प्रचंड मजकूर वाचून, पुढचा शब्द कुठला शोभेल हे ते शिकलेलं असतं. नाव सुचवणं हे भाषेचं काम आहे, त्यामुळे त्यात ते तरबेज आहे. पण नाव शिल्लक असणं हा भाषेचा गुण नाही. ती वहीतली नोंद आहे, आणि ती वही क्षणाक्षणाला बदलते. मॉडेलला बाहेर जाऊन वही उघडायची सोय दिलेली नसेल, तर "हे डोमेन उपलब्ध आहे" हे त्याच्या लेखी फक्त एक शोभणारं वाक्य असतं.

दुसरी अडचण. शोभणारं नाव जसं तुम्हाला मिळतं, तसंच तोच प्रश्न विचारणाऱ्या दुसऱ्यालाही मिळतं. भारतीय व्यवसाय म्हटलं की 'वेद', 'सूत्र', 'आरंभ', 'कार्ट' यांच्या जोड्या पुन्हा पुन्हा येतात. जे नाव सहज सुचतं ते आधी कुणालातरी सुचलेलंच असतं.

माझ्या मावसभावाचा तासगावला बेदाण्याचा धंदा आहे. त्याची वेबसाइट होती, पण डोमेन घेतलं होतं साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर. तो माणूस पुढे फोन उचलेना, नूतनीकरण झालं नाही आणि डोमेन गेलं. मुदत संपली की लगेच नाव जात नाही. डॉट कॉममध्ये त्यानंतरही ते सोडवून घ्यायला ३० दिवसांची मुदत असते, मग ५ दिवसांत नोंद पुसली जाते. पण सूचनेचे सगळे मेल जातात ते वहीत ज्याचं नाव आहे त्याला. दादाला कळलं ते एका गिऱ्हाइकाने फोन करून सांगितल्यावर, की तुमच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसतेय. तोच पत्ता दोन हजार खोक्यांवर छापलेला होता. दादा म्हणाला, "अरे, माल माझा, खोकं माझं, आणि पाटी दुसऱ्याची?"

नवं नाव शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मॉडेलने फक्त नावं सुचवायची. प्रत्येक नाव प्रोग्रॅमने आरडॅपवर विचारायचं. डोमेनची नोंद बघायची ही आजची पद्धत, जुन्या 'हू-इज'ची जागा २०२५ च्या जानेवारीत अधिकृतपणे हिनेच घेतली. नोंद सापडली तर नाव बाद. मॉडेलला एकदाही "शिल्लक आहे का" असं विचारलं नाही. इथेही एक बारकावा आहे. नोंद नसली तरी नाव राखीव किंवा चढ्या भावाचं असू शकतं, म्हणून शेवटचा शब्द पैसे भरतानाचाच.

उरलेल्या नावांची परीक्षा फोनवर. मावशीला फोन लावायचा, नाव एकदाच सांगायचं आणि "इंग्रजीत लिही" म्हणायचं. मराठी नावांची खरी चाळणी इथे होते. 'बेदाणा' लिहिताना 'ए' एक की दोन? 'द्राक्ष'च्या शेवटी 'ए' लावायचा की नाही? मॉडेलला ही अडचण दिसत नाही, कारण त्याला आपण लिहून विचारतो, ऐकवून नाही. ज्या नावाची दोन माणसांनी दोन स्पेलिंगं केली ते काढून टाकलं. रेडिफ आणि रॅडिफमधला फरकही एका अक्षराचाच होता. मग ट्रेड मार्क रजिस्ट्रीच्या साइटवर सुक्या फळांचा वर्ग २९ तपासला. आणि नोंदणी केली ती दादाच्या नावावर, दादाच्या ईमेलने, एकदम पाच वर्षांसाठी.

डॉट एआय आणि डॉट भारत

दोन छोट्या गोष्टी सांगून थांबतो. एआय कंपन्यांचं आवडतं डॉट एआय हे मुळात कॅरिबियनमधल्या अँग्विला या बेटाचं आहे. १९९५ मध्ये देशांच्या दोन अक्षरी यादीप्रमाणे ते त्यांना मिळालं, तेव्हा त्याला कुणी विचारत नव्हतं. २०२३ मध्ये जेमतेम १६ हजार वस्तीच्या या बेटाला डोमेनमधून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले, म्हणजे सरकारी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. वही ज्याच्या हातात त्याला काय मिळू शकतं, ते इथे दिसतं.

आणि आपलं डॉट भारत. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत डोमेन घेता येतं, मराठीतही. तिथे अजून भरपूर साधे शब्द मोकळे आहेत आणि स्पेलिंगचा घोळ बराच कमी. अडचण एवढीच, की अनेक ठिकाणचे फॉर्म असा पत्ता अजून स्वीकारत नाहीत. दादाने डॉट कॉम मुख्य ठेवलं आणि देवनागरीतलंही घेऊन ठेवलं. नव्या खोक्यांवर दोन्ही छापलेत.

तुमच्या धंद्याचं डोमेन आधीच असेल तर आज एक काम करा. आरडॅपवर ते टाका, मुदत कधी संपते ते बघा. मग रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन मालक म्हणून कुणाचं नाव आणि कुणाचा ईमेल आहे तेही तपासा. ते खातं तुमच्याकडे नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला आजच फोन लावा. भेटू पुढच्या भागात.