'मधाचे गाव' मांघर : एका शासकीय बिरुदाची पार्श्वभूमी

16 मे 2022 रोजी सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरनजीकच्या मांघर या छोट्या गावास 'मधाचे गाव' हे बिरुद लाभले. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या या उपक्रमाचे उद्घाटन तत्कालीन उद्योगमंत्री सुभाष देसाई यांच्या हस्ते झाले आणि देशातील असे पहिले गाव म्हणून मांघरचा गौरव करण्यात आला. पूर्वी बिरुदे व्यक्तींना व घराण्यांना मिळत. एका खाद्यपदार्थासाठी अख्ख्या गावास शासनाने नाव बहाल करावे, ही प्रथा मात्र अलीकडची होय.

बिरुद नवे असले तरी त्यामागील उद्योग जुना आहे. धुराने माश्या हाकलून पोळे पिळण्याच्या रूढ पद्धतीत मधाबरोबर अंडी-अळ्याही चिरडल्या जात. 1946 च्या सुमारास मुंबई सरकारच्या प्रोत्साहनाने महाबळेश्वर परिसरात शास्त्रीय मधमाशापालनास चालना मिळाली. सुट्या चौकटींच्या लाकडी पेटीत सातेरी माशी पाळावयाची, मधयंत्रात चौकटी फिरवून मध काढावयाचा आणि रिकामे पोळे पुन्हा पेटीत ठेवावयाचे, असे हे तंत्र. डोंगरउतारावरील तुटपुंज्या शेतीस त्याने जोड दिली. पुढे 17 जानेवारी 2001 रोजी महाबळेश्वर-पाचगणी हा प्रदेश पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. कारखानदारीवर निर्बंध आले; साहजिकच जंगल राखूनच चालणाऱ्या या व्यवसायाचे महत्त्व वाढले.

तथापि, या बिरुदाचे बळ किती, हा प्रश्न उरतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यास 1999 च्या कायद्याचा आधार असल्याने नावाच्या गैरवापराविरुद्ध दाद मागता येते. 'मधाचे गाव' हे केवळ प्रशासकीय उपक्रमाचे नाव असून त्यास असे कवच नाही. म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगावासही तेच नाव देता आले. त्यात गैर काही नाही. परंतु मांघरच्या नावाने बाजारात भलताच मध विकला गेल्यास हे बिरुद मांघरकरांच्या फारसे कामी येणार नाही.

शिवाय गावाची हद्द महसुली नकाशावर ठरते, माशीचा वावर फुलोऱ्यावर. जांभूळ, हिरडा, गेळा व कित्येक वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी यांवर हा मध अवलंबून आहे, आणि त्यांतील बरीचशी झाडे-झुडपे गावाच्या सातबाऱ्यावर नाहीत. ती वनखात्याच्या जंगलात आहेत.