परागंदा भाषेचा ब्रिटनमधील आसरा

स्पेनच्या यादवी युद्धात जानेवारी १९३९ मध्ये कॅटलोनियाची राजधानी बार्सिलोना जनरल फ्रँकोच्या सैन्याच्या हाती पडली आणि शाळा, वृत्तपत्रे व सरकारी कारभार यांतून कॅटलन भाषेची हकालपट्टी झाली. त्यामुळे पुढची अनेक वर्षे तिचे सार्वजनिक जीवन बऱ्याच अंशी परदेशांतील परागंदा मंडळींच्या आधारावरच तगून राहिले. ब्रिटनमध्ये १९५४ साली स्थापन झालेली ‘अँग्लो-कॅटलन सोसायटी’ ही याच परिस्थितीतून उभी राहिली.

तिची पूर्वपीठिका मात्र एका पुस्तकविक्रेत्याने रचली होती. बार्सिलोनाचे जुआन जिली (१९०७–१९९८) युद्धापूर्वीच, १९३४ साली, इंग्लंडला गेले असल्याने रूढ अर्थाने निर्वासित नव्हते. त्यांनी लंडनमध्ये ‘डॉल्फिन’ हे स्पॅनिश पुस्तकांचे दुकान काढले, महायुद्धाच्या काळात ते ऑक्सफर्डला हलवले आणि कागदाची टंचाई असतानाही १९४३ मध्ये इंग्रजी वाचकांसाठी कॅटलनचे व्याकरण स्वतः लिहून प्रसिद्ध केले. संस्थेच्या स्थापनेत त्यांच्यासोबत केंब्रिजला स्थायिक झालेले इतिहासकार जुझेप मारिया बतिस्ता इ रोका होते. कॅटलोनियाचे राजकीय स्वातंत्र्य हे त्यांचे आयुष्यभराचे ध्येय होते. या दोघांना येऊन मिळाले ते ब्रिटिश विद्यापीठांतील स्पॅनिशचे प्राध्यापक. यांतल्या एका गटाला गमावलेल्या देशाची ओढ होती, तर दुसऱ्याला अभ्यासविषयाची.

पहिल्या गटाच्या भावविश्वाची कल्पना ‘जॉक्स फ्लोराल्स’वरून येते. मध्ययुगीन परंपरेची ही काव्यस्पर्धा बार्सिलोनात १८५९ साली पुनरुज्जीवित झाली होती आणि तिच्या तीन मुख्य पारितोषिकांत एक खरे फूल, एक सोन्याचा रानगुलाब व एक सोन्याचांदीचे व्हायोलेट असे. फ्रँकोच्या राजवटीत मायदेशी तिला वाव उरला नाही, तेव्हा निर्वासितांनी १९४१ पासून ती दरवर्षी वेगवेगळ्या परक्या शहरांत भरवली. लंडनला हा मान १९४७ मध्ये व केंब्रिजला १९५६ मध्ये मिळाला.

तथापि संस्था टिकली ती प्राध्यापकांमुळेच, असे म्हणणे भाग आहे. आर्थर टेरी यांचा कॅटलन साहित्याचा इतिहास १९७२ मध्ये आला, अॅलन येट्स यांचे कॅटलनचे स्वयंशिक्षक पुस्तक १९७५ मध्ये निघाले, आणि दरम्यान १९७३ साली केंब्रिजच्या परिषदेत कॅटलन भाषा-साहित्याची आंतरराष्ट्रीय संघटना आकारास आली. फ्रँकोच्या मृत्यूनंतर, १९७९ च्या स्वायत्तता कायद्याने, कॅटलनला मायदेशी राजभाषेचा दर्जा परत मिळाला तरी सोसायटीचे काम थांबले नाही; १९८० च्या दशकात तिने स्वतःची ग्रंथमालाही चालवली.