विष ओळखणारी माणसं कुठे घडली?

जळगाव-धुळ्याकडची विज्ञान शाखेची मुलं एक प्रश्न नेहमी विचारतात: विषशास्त्रात जायचं असेल तर कोणता कोर्स करायचा? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं नीट उत्तर द्यायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं. कारण या क्षेत्राला स्वतःचा दरवाजा फार उशिरा मिळाला. माणसं बाजूच्या दारांनी आत आली, कुणी रसायनशास्त्रातून, कुणी वैद्यकातून, कुणी औषधनिर्माणशास्त्रातून. आणि यातली बरीचशी दारं एखाद्या विषबाधेनंतरच उघडली.

सुरुवात बडोद्यापासून करू. 9 नोव्हेंबर 1874. रेसिडेंट कर्नल फेर यांनी पपनसाच्या सरबताचा घोट घेतला, बरं वाटेना म्हणून उरलेलं फेकलं. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तो आधी रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी तपासला, मग मुंबईला सरकारी रासायनिक विश्लेषकांकडे गेला. तिथे डॉ. ग्रे यांनी त्यात सोमल असल्याचं सांगितलं. आरोप आला मल्हारराव गायकवाडांवर. चौकशी आयोगात सहा जण होते, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. इंग्रज सभासदांनी आरोप सिद्ध मानला, हिंदी सभासदांनी मानला नाही. यात लक्षात काय ठेवायचं? सोमल आहे की नाही यावर आयोग फुटला नाही. तो फुटला 'कोणी घातला' यावर. प्रयोगशाळा पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, दुसऱ्याचं नाही. या व्यवसायाचा हा पहिला धडा आहे.

पुढे गैरकारभाराचं कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केलं गेलं आणि 1875 मध्ये गादीवर आला मालेगावजवळच्या कवळाण्याचा एक मुलगा, म्हणजेच सयाजीराव. कवळाणं आपल्या खानदेशाच्या अगदी उंबऱ्यावर. एका पेल्यातल्या गाळाचा धागा असा आपल्या शिवेपर्यंत येतो.

आता त्या काळी हे काम शिकवत कुठे? स्वतंत्र अभ्यासक्रम नव्हताच. मुंबईचे विश्लेषक मूळचे डॉक्टर असत. त्यांच्यापैकीच आयसिडोर लायन यांनी 1889 साली हिंदुस्थानासाठी न्यायवैद्यकाचं पाठ्यपुस्तक लिहिलं. विलायती पुस्तकांवर इथे भागत नव्हतं. इथल्या प्रकरणांत सोमल, धोतरा, बचनाग, अफू, कण्हेर. यातली काही तर शेताच्या बांधावर उगवणारी. म्हणजे हाताखाली काम करत शिकायचं आणि इथली विषं इथेच ओळखायला शिकायची, हीच पद्धत होती.

दुसरं मोठं वळण 1958 चं. त्या वर्षी केरळमध्ये पॅराथिऑन हे कीटकनाशक सांडलेलं धान्यपीठ खाऊन शंभरावर माणसं दगावली. त्या धक्क्यातून पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा आला. महाराष्ट्राची न्यायसहायक प्रयोगशाळाही 1958 पासूनचीच. तोपर्यंत विष म्हणजे सोमल किंवा धोतरा. आता कपाशीच्या शेतात, घराच्या कोनाड्यात फवारणीच्या बाटल्या आल्या. खानदेश कपाशीचा मुलूख. व्हिसेऱ्याच्या बरण्यांतली विषं बदलली.

इथे एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सिलिका जेल लावलेल्या काचेच्या पट्टीवर नमुन्याचा थेंब ठेवायचा, द्रावक वर चढू द्यायचा, मग त्यावर अभिकर्मक फवारायचा. कीटकनाशक असेल तर रंगीत ठिपका उमटतो. असे नवे अभिकर्मक आपल्या राज्याच्या प्रयोगशाळांतल्या, विशेषतः औरंगाबादच्या रसायनज्ञांनी शोधले, आणि 1980-90 च्या दशकांत ते परदेशी संशोधनपत्रिकांत छापून आले. रोजच्या केसेस तपासता तपासता केलेलं संशोधन होतं हे. महागडं यंत्र हाताशी नसताना तालुक्यातून आलेल्या बरणीचं उत्तर द्यायचं, ही त्यामागची गरज.

तिसरं दार कायद्याने उघडलं. 1968 च्या कायद्यानुसार कीटकनाशकाची नोंदणी करायची तर ते किती विषारी आहे याची माहिती द्यावी लागते. ती माहिती काढायला माणसं लागली. लखनौला 1965 मध्ये औद्योगिक विषशास्त्राची संस्था निघाली, पुढच्या वर्षी अहमदाबादला व्यावसायिक आरोग्याची. नंतर वापी परिसरासारख्या ठिकाणी खासगी चाचणी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. 2011 मध्ये भारतातल्या प्रमाणित प्रयोगशाळांचे अहवाल ओईसीडी देशांत मान्य होऊ लागले आणि हे काम वाढलं. एम.एस्सी., एम.फार्म., पशुवैद्यक झालेल्या मुलांना सुरुवातीची नोकरी बऱ्याचदा इथे मिळते. आपल्याकडून सुरतेची गाडी धरली की वापी काही लांब नाही.

मग खानदेशात काय आहे? धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1989 चं, जळगावचं विद्यापीठ 1990 चं, शिरपूरचं फार्मसी महाविद्यालय 1992 चं, जळगावचं वैद्यकीय महाविद्यालय 2018 चं. म्हणजे मागच्या पिढीला पुण्या-मुंबईला जाऊन जो पाया घालावा लागे, तो आता घरून डबा घेऊन जाऊन घालता येतो. डॉक्टर होणाऱ्याला विषशास्त्र न्यायवैद्यकाच्या विषयातच शिकवतात. पुढे त्यात एम.डी. करता येतं. रसायनशास्त्राच्या पदवीधराला न्यायसहायक प्रयोगशाळेत वैज्ञानिक सहायक, पुढे सहायक रासायनिक विश्लेषक अशा जागा असतात. आपल्याला जवळची प्रादेशिक प्रयोगशाळा नाशिकची. शिवाय जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेनुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे माणसं लागणारच.

पण नोकरीपलीकडचंही बघा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. ऑर्गेनोफॉस्फेट असेल तर ॲट्रोपिन उपयोगी पडतं. काही कीटकनाशकांवर ठराविक उताराच नाही, तिथे लक्षणांवरच उपचार करावे लागतात. त्यामुळे रुग्णासोबत रिकामी बाटली आणायला सांगणारा, तिच्यावरचं नाव वाचून अर्थ लावणारा माणूस तालुक्याच्या दवाखान्यात असणं हा जीवन-मरणाचा प्रश्न असतो. अहवाल महिन्यांनी येतो, रुग्णाला तासांचा हिशेब असतो.

तेव्हा 'कोणता कोर्स' याचं उत्तर असं: आपला मूळ विषय पक्का करा, मग प्रयोगशाळेतलं, दवाखान्यातलं किंवा चाचणी केंद्रातलं एक टेबल धरा आणि तिथे निदान दोन वर्षं हात काळे करा. लायनच्या काळी हे शास्त्र असंच शिकलं जाई, आजही त्याला पर्याय नाही. फरक एवढाच, की तेव्हा गाळ मुंबईला न्यावा लागला होता. आता तो तपासणारी माणसं आपल्या ताप्ती-पांझरेच्या काठी तयार होऊ शकतात. व्हायला हवीत.