खडू हातात घेतलेले बाबासाहेब



बाबासाहेबांवर आपल्या मंडळींनी पुष्कळ लिहिलं. महाडचं तळं, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, घटना, धम्मदीक्षा. ह्या सगळ्यात एक माणूस मागं राहून गेला. वर्गात खडू घेऊन उभा राहिलेला प्राध्यापक आंबेडकर. मला त्याच्याविषयी लिहायचंय. कारण आज वस्तीवस्तीत आपली पोरं अभ्यासवर्ग घेतात. आणि शिकवायचं कसं हे विचारायला आपल्याला दुसऱ्याच्या दारात उभं राहायची गरज नाही.

नोव्हेंबर १९१८. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात बाबासाहेब अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वय २७, पगार महिना ४५० रुपये. पण त्या फळ्यापर्यंत हा माणूस कसा आला ते बघा. १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. तिथं अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, शिवाय तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. सेलिग्मन आणि ड्युईसारखे गुरू. मग लंडन. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. सामान ज्या जहाजातून येत होतं ते महायुद्धात बुडवलं गेलं. बडोद्यात नोकरीला गेले तर राहायला जागा मिळेना. शिपाई कागद लांबून फेकायचे. मुंबईत येऊन शेअरवाल्यांना सल्ला देण्याचा धंदा काढला, तर जात कळताच गिऱ्हाईक फिरकेना.

एवढं सगळं अंगावर घेऊन ते वर्गात आले. सुरुवातीला पोरांनी दाद दिली नाही. अस्पृश्य प्राध्यापक, हा काय शिकवणार! बाबासाहेबांनी ह्यावर भाषण केलं नाही. तयारी केली. विषय मुळापासून मांडायचा, सविस्तर मांडायचा, ऐकणाऱ्याला विचार करायला लावायचं. थोड्याच दिवसांत दुसऱ्या कॉलेजांतली पोरं परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागली.

आणि त्याच कॉलेजात प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातलं पाणी त्यांनी प्यायला काही सहकारी प्राध्यापकांनीच हरकत घेतली. दोस्तांनो, इथं थांबा. वर्ग जिंकला, माठ जिंकता आला नाही. म्हणजे आपण खूप शिकलो, तयारी केली की समोरच्याच्या मनातली जात आपोआप जाईल असं समजू नका. तयारी त्यांच्या शाबासकीसाठी करायची नसते. जो आपल्यासमोर शिकायला बसलाय त्याचं ते देणं असतं.

साच्यावर नवा गडी आला की जाणता कामगार त्याला गिरणीचा इतिहास सांगत बसत नाही. तुटलेला धागा जोडून दाखवतो. त्याच्याकडून जोडून घेतो. चुकला की पुन्हा. पण हे करायला त्याच्या स्वतःच्या बोटांत ते काम मुरलेलं लागतं. बोटांत नसेल तर तोंडाची वाफ.

आता पुढचं. ४५० रुपये ही त्या काळी मोठी रक्कम. बाबासाहेब बंगल्यात गेले नाहीत. परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहिले आणि पैसा साठवला. ह्याच दिवसांत, १९१९ साली साउथबरो समितीपुढं साक्ष दिली. जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केलं. आणि मार्च १९२० मध्ये, नाव झालेलं असताना, प्राध्यापकी सोडली. कशासाठी? पुन्हा विद्यार्थी व्हायला! शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांच्याकडून ५००० रुपये कर्ज, आणि लंडन. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. इकडं संसार रमाईनं तुटपुंज्या पैशात ओढला. ती किंमत मोजताना तिला विसरू नका.

परत आल्यावर १९२५ पासून बाटलीबॉयच्या संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवला, १९२८ पासून सरकारी लॉ कॉलेजात. १९३५ साली तिथले प्राचार्य झाले. मधे १९२७ साली महाडचा सत्याग्रह, मनुस्मृतीचं दहन. रस्त्यावरची लढाई आणि वर्गातला तास, दोन्ही एकाच माणसानं केले. आपल्यातले काहीजण म्हणतात, 'आम्ही चळवळीतले, वाचायला वेळ कुठाय?' त्यांनी ही सालं भिंतीवर लिहून ठेवावीत.

पुढं १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज, १९५० साली औरंगाबादचं कॉलेज. त्याला नाव दिलं मिलिंद. आवार नागसेनवन. मिलिंद म्हणजे प्रश्न विचारणारा राजा, नागसेन म्हणजे उत्तर देणारा भिक्खू. कॉलेजाला नाव प्रश्न विचारणाऱ्याचं आहे, हे ध्यानात घ्या.

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. विहारात वर्ग घेणाऱ्यानं बाबासाहेबांचं मूळ पुस्तक उघडावं, टिपण काढावं, आणि आपल्याला काय विचारलं जाईल ते आदल्या रात्री स्वतःलाच विचारून बघावं. रात्रपाळी करून आलेला बाप्या, चार घरची भांडी घासून आलेली बाई वर्गाला बसते तेव्हा ती आपल्या झोपेतला तास आपल्याला देते. त्या तासात नुसत्या घोषणा देणं ही चोरी आहे.