धूर बाहेर काढणाऱ्या बाया

आमच्या तालुक्याचं नाव केळापूर, पण कचेरी पांढरकवड्यात. जगदंबेचं देऊळ केळापूरला, बाजार, बसस्थानक आणि माझं मोटार वाइंडिंगचं दुकान पांढरकवड्यात. नाव एकीकडे आणि कारभार दुसरीकडे, याची आम्हाला सवय आहे. या लेखाचा विषयही काहीसा तसाच आहे.

16 फेब्रुवारी 2019 रोजी पांढरकवड्यात पंतप्रधानांची सभा झाली. मेळावा महिला बचतगटांचा होता. दोनच दिवसांपूर्वी पुलवामाचा हल्ला झाला होता, त्यामुळे बातम्यांत पुलवामाच आलं, आणि ते स्वाभाविकच होतं. पण त्या दिवसाची कात्रणं चिकटवताना मला जाणवलं, की ज्यांचा मेळावा होता त्या बाया काय करतात, काय बनवतात, कशावर कमावतात, याबद्दल माझ्या वहीत जवळजवळ काहीच नाही. गर्दीचा आकडा मात्र आहे. तेव्हापासून मी बाई आणि ऊर्जा या जोडीचा इतिहास शोधू लागलो.

आमच्याकडे ऊर्जेचा विषय पऱ्हाटीपासून सुरू होतो. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटायच्या, भारे बांधायचे, अंगणात रचायचे. पावसाळ्याआधी ही गंजी किती उंच झाली यावर घराची चूल चालायची. तुराट्याही असायच्या. हे सगळं काम बायांचं. धूरही त्यांच्याच डोळ्यांत.

या धुरावर पहिला पद्धतशीर विचार आमच्या शेजारच्या वर्ध्यात झाला. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत मगनवाडी उभी राहिली आणि जे. सी. कुमारप्पांनी तिथे काम मांडलं. खाणीतला कोळसा आणि पेट्रोल हा साठा आहे, तो संपणार. लाकूड, तेलबिया, बैलाची ताकद हा वाहता प्रवाह आहे, तो जपून वापरला तर टिकेल, अशी त्यांची मांडणी होती. ‘मगन चूल’ ही धूर बाहेर नेणारी चूल आणि रॉकेलऐवजी गोड्या तेलावर जळणारा ‘मगन दीप’ त्याच परिसरातून आले. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. आज ज्याला स्वच्छ ऊर्जा म्हणतात तिचं मराठी मुलखातलं एक जुनं घर हेच, असं माझं मत आहे. फक्त तिथे चूल आखणारे बहुतेक पुरुष होते आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाया होत्या.

1952 मध्ये सामुदायिक विकास योजना आली, पाठोपाठ ग्रामसेविका गावात आल्या. शिवण, बालसंगोपन आणि बिनधुराची चूल असा त्यांचा अभ्यासक्रम. मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. चूल बांधणाऱ्याला चुलीमागे ठरावीक रक्कम मिळे. महाराष्ट्रात या कामात कुंभार घरं शिरली. पुण्याची ‘आरती’ संस्था, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, 1996 नंतर यात तांत्रिक आधार देऊ लागली आणि तिने कुंभारांना, त्यांत बायांनाही, साचे वापरून चुली घडवायला शिकवलं.

आमच्या घरी ही चूल 1987 च्या उन्हाळ्यात आली. मी तेव्हा दुकानात उमेदवारी करत होतो. संध्याकाळी घरी आलो तर ओली चूल, भिंतीतून बाहेर गेलेला सिमेंटचा पाइप आणि वर टोपी. दोन भांड्यांची. पहिल्या वैलाचं तोंड, दुसऱ्याची उंची, मागे धुराच्या वाटेची रुंदी, यात बोटभर चूक झाली तर धूर घरात उलटतो. मोटारीत गुंडाळ्याचा एक फेरा चुकला तर काय होतं ते मला ठाऊक आहे, म्हणून त्या हाताची अचूकता मला आज कळते. सरकारी कागदावर लाभार्थी म्हणून वडिलांचं नाव लागलं. ते त्या चुलीजवळ कधी बसले नाहीत. आईला मागच्या वर्षी विचारलं, बांधली कुणी? ती म्हणाली, “कुंभाराची सून होती थे. लेकरू संग होतं. जेवाले थांब म्हटलं तं थांबली नाही. नाव नाही पुसलं मी.”

2002 मध्ये केंद्राने तो कार्यक्रम बंद केला. चुली गळल्या, पाइप काजळीने बुजले, दुरुस्तीला कुणी उरलं नाही. अपयशाची कारणं अहवालांत मांडली गेली आणि ती बरीचशी खरीही आहेत. पण ज्या हातांना ही विद्या आली होती त्यांचं पुढे काय करायचं, हा प्रश्न मला कुठे ठळकपणे दिसला नाही. त्या बाईला मिस्त्री म्हटलं असतं, तर निदान तिला पुढची पायरी मागता आली असती.

वरच्या पायरीवर बाया नव्हत्याच, असंही नाही. ॲना मणी मूळच्या केरळच्या, पण 1948 मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणांच्या कामावर रुजू झाल्या. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात सौर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं त्यांनी उभं केलं आणि 1980 मध्ये भारतातल्या सूर्यप्रकाशाच्या आकडेवारीचा त्यांचा ग्रंथ निघाला. या देशात सौरऊर्जेचा हिशेब मांडणाऱ्यांना त्यांच्या मोजणीचा मोठा आधार मिळाला. ॲना मणी आणि ती कुंभाराची सून यांच्यामध्ये मात्र जिनाच नव्हता.

तो बांधण्याचा एक प्रयत्न मराठवाड्यात झाला. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांनी घरबांधणीच्या कामात गावोगावच्या बायांना पुढे आणलं. त्यातून ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ वाढली. पुढे याच बाया ‘सखी’ म्हणून चुली आणि सौरकंदील विकू लागल्या. शेतातल्या कचऱ्याच्या गोळ्यांवर चालणारी ‘ऊर्जा’ शेगडी त्यांनी दारोदार नेली. गोळ्यांचा कच्चा माल महागला, तेव्हा शेगडी मागे पडली. पण विकायला, हिशेब ठेवायला शिकलेली बाई मागे पडली नाही, ती दुसऱ्या वस्तूकडे वळली. चूल कार्यक्रमात हेच घडलं नव्हतं. 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान संस्थेने या कामाचा गौरव केला. प्रेमाताई 2022 मध्ये गेल्या.

दुसरा प्रयत्न वर्धा नदीच्या पलीकडे, देवळी तालुक्यातल्या कवठा (झोपडी) इथला. ‘उमेद’ अभियान आणि मुंबईच्या आयआयटीच्या साहाय्याने बचतगटांतल्या दोनशेहून अधिक बायांनी ‘तेजस्वी’ ही औद्योगिक सहकारी संस्था काढली आणि सौर पॅनेल बनवायला घेतले. त्याआधी राजस्थानात डुंगरपूरला असा कारखाना झाला होता. तिथल्या बायांनी सुरुवात सौरदिवे जोडण्यापासून केली होती. सेलना पट्टी डागायची, ओळी जोडायच्या, काचेखाली बसवून तापवत दाबायचं, चौकट लावायची, मग वीज मोजायची. डाग कच्चा राहिला तर सगळं पॅनेल कमी पडतं. हे काम बायांना जमेल का, हा प्रश्न मला आता हास्यास्पद वाटतो. माल विकला जाईल का, निविदेत मोठ्या कंपन्यांपुढे टिकेल का, हे खरे प्रश्न आहेत, आणि ते सभासद म्हणून त्याच बायांना सोडवायचे आहेत. मजुरी आणि मालकी यातला फरक तो हाच.

2019 मध्ये जगभरातल्या अक्षय ऊर्जेच्या कामात बायांचं प्रमाण सुमारे 32 टक्के असल्याचं आंतरराष्ट्रीय संस्थेने नोंदवलं. त्याच वर्षीच्या एका पाहणीत भारतातल्या छतांवरच्या सौरऊर्जेच्या कामात ते 11 टक्के निघालं. केळापुराचा आकडा मी देऊ शकत नाही, माझ्या दुकानाचा देतो. तीस वर्षांत बावीस पोरं शिकून गेली. आता सौरपंपांचे कंट्रोलर दुरुस्तीला येतात, काम बसून करायचं, नाजूक हाताचं आहे. मुलगी एकही आली नाही. मीही कुणाला बोलावलं नाही.

यंदा मी एक वेगळी वही केली आहे. केळापूर, घाटंजी, मारेगाव, वणी या भागांत ज्या बायांनी सरकारी योजनेत चुली बांधल्या, त्यांची नावं, गाव, कुणाकडून शिकल्या आणि चुलीमागे काय मिळालं, एवढं त्यात टिपतो. आतापर्यंत चौदा नावं झाली आहेत, त्यांतल्या पाच बाया आज नाहीत. वाचकांपैकी कुणाच्या आईने, आजीने, सासूने अशा चुली बांधल्या असतील, तर संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवावं. आमच्याकडे 1987 मध्ये येऊन गेलेल्या बाईबरोबर तेव्हा एक लहान मूल होतं. ते आज चाळिशीत असेल.