तीस महिन्यांची मुदत

एखादा शोध लावला, पेटंट घेतले, की तो जगभर आपला झाला, असा अनेकांचा समज असतो. ‘जागतिक पेटंट’ असा शब्दही अधूनमधून वाचायला मिळतो. पण असे पेटंट अस्तित्वातच नाही. प्रत्येक देश आपापल्या हद्दीपुरते पेटंट देतो. मग पुण्यातल्या संशोधकाने जपान, जर्मनी आणि ब्राझीलच्या दारांत एकाच वेळी पोहोचायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जगाची शंभर वर्षे गेली.

सुरुवात एका प्रदर्शनापासून करू. १८७३ साली व्हिएन्नात मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरणार होते. आपली यंत्रे तेथे मांडली तर लोक त्यांची नक्कल करतील, या भीतीने अनेक परदेशी संशोधक यायला कचरत होते. त्यांच्यासाठी ऑस्ट्रियाला तात्पुरत्या संरक्षणाचा खास कायदा करावा लागला. त्या वेळी सुरू झालेल्या चर्चेतून २० मार्च १८८३ रोजी पॅरिसचा करार झाला. त्यावर ११ देशांनी सह्या केल्या. त्यातली कल्पना साधी होती. एका सभासद देशात अर्ज केला, की तुमची तारीख राखून ठेवली जाते. ठरावीक मुदतीत दुसऱ्या देशात अर्ज केलात, तर तो पहिल्याच तारखेला केला असे धरतात. हाच अग्रहक्क. मुदत होती सहा महिने; समुद्रापलीकडच्या देशांसाठी आणखी एक महिना. टपाल बोटीने जाण्याचा तो काळ होता! १९०० साली ब्रुसेल्स येथे ही मुदत बारा महिने झाली.

पण बारा महिने पुरतात का? वर्षभरात शोध बाजारात चालेल की नाही, हेही कळत नाही. तेवढ्यातच दहा देशांत वकील नेमायचे, दहा भाषांत भाषांतरे करायची आणि शुल्क भरायचे. शिवाय प्रत्येक देशाचे कार्यालय तोच शोध नवा आहे का, हे पुन्हा तपासणार. या दुहेरी-तिहेरी कामावर तोडगा शोधावा, असे १९६६ साली अमेरिकेने सुचवले. १९ जून १९७० रोजी वॉशिंग्टन येथे पेटंट सहकार्य करारावर सह्या झाल्या आणि १ जून १९७८ पासून अर्ज घेणे सुरू झाले. तेव्हा १८ देश सभासद होते. आज दीडशेहून अधिक आहेत.

या करारानेही जागतिक पेटंट दिले नाही. त्याने दिला तो वेळ. समजा, १० जानेवारी २०२२ रोजी भारतात पहिला अर्ज केला. १० जानेवारी २०२३ पर्यंत आंतरराष्ट्रीय अर्ज करायचा. मग पूर्वीचे लेखन धुंडाळून शोधाच्या नावीन्याविषयी अहवाल मिळतो. अठरा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे जुलै २०२३ मध्ये, अर्ज सर्वांसाठी प्रसिद्ध होतो. आणि तीस महिन्यांनी, १० जुलै २०२४ पर्यंत, हव्या त्या देशांच्या कार्यालयांत प्रवेश करावा लागतो. मोजणी आंतरराष्ट्रीय अर्जापासून नव्हे, तर पहिल्या अर्जापासून होते. येथेच अनेकांची गल्लत होते.

ही तीस महिन्यांची मुदतही एकदम आलेली नाही. मूळ मुदत वीस महिने होती. प्राथमिक परीक्षणाची मागणी केली तर ती पंचवीस महिने होई. १९८५ पासून तीस झाली. परिणाम असा झाला, की परीक्षण नको असणारेही केवळ वेळ मिळावा म्हणून मागणी करू लागले आणि परीक्षकांपुढे कागदांचे ढीग साचले. अखेर १ एप्रिल २००२ पासून सर्वांनाच तीस महिने मिळाले. काही देशांत, कायदे जुळेपर्यंत, जुनीच मुदत राहिली. भारत ७ डिसेंबर १९९८ रोजी दोन्ही करारांत सामील झाला. भारतात शिरण्यासाठी एकतीस महिने मिळतात. युरोपीय पेटंट कार्यालयातही तेवढेच.

मुदत चुकली तर? त्या देशापुरता अर्ज संपतो. काही देश सबळ कारण असल्यास सवलत देतात, पण तिचा भरवसा धरता येत नाही. नवा अर्ज करावा म्हटले, तर आपलाच प्रसिद्ध झालेला अर्ज आडवा येतो. कारण आता तो शोध जगाला ठाऊक आहे.

प्रसिद्धी किती महाग पडते, याचे बोलके उदाहरण स्टॅन्ले कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांचे आहे. डीएनएचे तुकडे जोडून ते जिवाणूंत वाढवण्याच्या पद्धतीवरचा त्यांचा निबंध नोव्हेंबर १९७३ मध्ये छापून आला. पेटंटचा विचार नंतर सुचला. अमेरिकेचा कायदा प्रसिद्धीनंतर एक वर्षाची सवलत देतो. ती संपायला थोडे दिवस उरले असताना, ४ नोव्हेंबर १९७४ रोजी, अर्ज दाखल झाला. पुढे अमेरिकेतल्या पेटंटांतून सुमारे २५ कोटी डॉलर मिळाले. पण इतर देशांची दारे त्या निबंधाने आधीच बंद केली होती.

आम्हा संशोधकांना निबंध छापण्याची घाई असते, आणि ज्ञान वाटावे यात गैर काहीच नाही. मात्र वाटायचे की राखायचे, हे आपण ठरवावे. कॅलेंडरने आपल्यासाठी ठरवू नये. वर्गातला एखादा विद्यार्थी उद्या काही नवे करून दाखवील. त्याला शाबासकी देतानाच एक सांगावे: वहीत तारीख घाल, आणि प्रदर्शनात मांडण्यापूर्वी एकदा विचार.