कॅलिफोर्नियातलं मक्का

अमेरिकेत मक्का नावाचं एक गाव आहे. कॅलिफोर्नियातल्या कोचेला खोऱ्यात, समुद्रसपाटीपेक्षा ५० मीटरहून अधिक खाली, वाळवंटात. ही भूमी मुळात काहुइया आदिवासींची. मग रेल्वे आली, तेव्हा या थांब्याचं नाव होतं वॉल्टर्स. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं खजूर लावायचं ठरलं आणि गावाचं नाव बदललं. मुसलमान तिथं कुणी नव्हता. खजूर म्हटलं की अरबस्तान आणि अरबस्तान म्हटलं की मक्का, एवढाच त्यामागचा विचार. आपल्या किब्ल्याचं नाव जमिनीच्या आणि मालाच्या जाहिरातीला लागलं, याची मला गंमतही वाटते आणि थोडं खटकतंही.

खजूर मात्र खरोखर आपल्याच मुलखांतून गेला. बी पेरून आलेलं झाड नर निघेल की मादी, फळ कसं धरेल, याचा भरवसा नसतो. त्यासाठी चांगल्या मादी झाडाच्या बुंध्याशी आलेले फुटवेच न्यावे लागतात. वॉल्टर स्विंगल या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०० साली अल्जीरियातून 'दगलत नूर'चे फुटवे आणले. १९२७ मध्ये तो मोरोक्कोत गेला, तेव्हा तिथल्या बागा रोगाने मरत होत्या. एका निरोगी मेजूल झाडाचे ११ फुटवे त्याने नेले. रोग पसरू नये म्हणून ते आधी नेवाडात वेगळे वाढवले. त्यातले ९ जगले आणि त्यांच्यापासून अमेरिकेतला मेजूल वाढला. रमजानात आपण जो महागडा मेजूल इफ्तारला हौसेने ठेवतो, त्याच जातीचा.

झाडं आली, ती चढणारी माणसं मात्र मेक्सिकोतून आली. त्यांना पाल्मेरो म्हणतात. उंच चढून काटे छाटायचे, नराचा पराग हाताने मादीच्या फुलोऱ्यावर टाकायचा, घडांवर पिशव्या बांधायच्या. शेजारी द्राक्षं आणि मिरची. २०१० च्या जनगणनेत गावात ८,५७७ माणसं होती, बहुतेक याच मजुरांची कुटुंबं.

एवढी वस्ती, तरी गावाला स्वतःची नगरपालिका नाही, महापौर नाही. कागदोपत्री हे काउंटीच्या हद्दीतलं नुसतं एक ठिकाण. आपल्याकडे निदान ग्रामपंचायत तरी असते! आसपासच्या मजूर वस्त्यांच्या विहिरींत आर्सेनिक सापडलं. दक्षिणेला सॉल्टन समुद्र आहे. १९०५ साली कोलोरॅडो नदीचा कालवा फुटून तो साचला. आता तो आटतोय आणि त्याच्या कोरड्या तळाची धूळ या घरांवर येते. दाद मागायची तर काउंटीचं मुख्य ठाणं रिव्हरसाइड, १०० किलोमीटरहून लांब.